झिरो माइल, २०५३

विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर कराराला २८ सप्टेंबर २०५३ या दिवशी शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या संध्याकाळी टीव्हीवर जो कार्यक्रम लागायला हवा, तो आजच बनवा, एवढंच मला या आठवड्यात सांगायचं आहे. आठवड्याला अर्धा तास, विनोदी, मराठीतून, नागपुरातून. निवेदक २०५३ मध्ये बसलेला. समोर म्हातारे झालेले साक्षीदार. आणि मधूनमधून जुनी दृश्यं, म्हणजे आज रात्रीच्या बातम्यांत आपण जी पाहणार आहोत ती.

हा प्रकार जगात कुणी केलाच नाही असं नाही. २००६ मध्ये बीबीसी टूवर आर्मांडो इयानुची या विनोदकारानं ‘टाइम ट्रम्पेट’ नावाची मालिका केली. ती घडते २०३१ मध्ये. थाट सगळा माहितीपटाचा. गंभीर आवाजातलं निवेदन, संग्रहातली दृश्यं, जाणकारांच्या मुलाखती. फरक एवढाच की हे जाणकार म्हणजे २००६ मधलेच नामवंत, पंचवीस वर्षांनी म्हातारे झालेले, नटांनी रंगवलेले. खुर्चीत रेलून ते एकविसाव्या शतकाची पहिली तीस वर्षं आठवतात. प्रेक्षक हसतो, कारण ज्या गोष्टीवरून काल घरात भांडण झालं, ती या म्हाताऱ्यांना किरकोळ वाटते. ते कल्पनेतलं २०३१ आता हाकेच्या अंतरावर आलं आहे.

या प्रकारात एक मोठी ताकद आहे. आजच्या बातमीभोवती फार गोंगाट असतो. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाचं नाव पत्रिकेत नव्हतं, कुठला नेता रुसला. तीस वर्षांनी यातलं काहीच उरत नाही. उरतात दोनच गोष्टी, काय सांगितलं होतं आणि काय झालं. त्या दोन शेजारी शेजारी ठेवल्या की विनोद आपोआप तयार होतो आणि तो फार बोचतो.

आपल्या विनोदाला ही सवय नाही. सत्तेची खोड काढायची म्हटलं की मराठी लेखक मागे जातो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये राजा आहे, प्रधान आहे, कोतवाल आहे. दादा कोंडक्यांनी १९६५ पासून तो वग गावोगाव नेला आणि त्या राजाच्या आडून आजच्या राज्यकर्त्यांना चिमटे काढले. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’साठी पेशवाई निवडली, आणि त्यातला नाना आजचा वाटला म्हणूनच ते नाटक पेटलं. आमच्याकडे झाडीपट्टीत दंडार आहे, भंडारा-गोंदियाकडे खडी गंमत आहे. तिथंही रात्रीच्या रंगात गावच्या पाटलाची, सावकाराची, पोलिसाची हजेरी घेतली जाते. ही सगळी मोठी परंपरा आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण राजाच्या दरबाराला तारीख नसते. प्रेक्षक राजाला हसतो, मनातल्या मनात कुणाचा तरी चेहरा त्याला चिकटवतो आणि घरी जातो. सकाळी तो चेहरा पुन्हा व्यासपीठावर असतो. त्यानं कोणत्या वर्षी कोणता शब्द दिला होता, हे त्या विनोदात कुठंच नोंदलेलं नसतं.

टीव्ही आला तेव्हा ही नोंद ठेवायचं साधन हाती आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘गजरा’ आला, ‘चिमणराव’ आला. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव मराठी घरात राहायलाच आला. ते विनोद निर्मळ होते, पण घरगुती होते. सरकारच्या वाहिनीवर सरकारी कारभाराला थेट हात घालायचं काम केलं जसपाल भट्टींनी, हिंदीत. १९८९ मधला त्यांचा ‘फ्लॉप शो’ फक्त दहा भागांचा. वैद्यकीय बिलं, टेलिफोन खातं, कंत्राटदार, पीएचडीचे मार्गदर्शक, सगळे त्यात येतात. तो दूरदर्शनवर लागला. ‘सरकारी वाहिनीवर हे चालणार नाही’ असं कुणी म्हणालं की मला ते दहा भाग आठवतात. चालतं. चाललेलं आहे.

मग खासगी वाहिन्या आल्या आणि मराठीत विनोदाचे कार्यक्रम भरभरून आले. ‘फू बाई फू’ झालं. २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि थुकरटवाडी घराघरांत पोचली. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी त्यात वऱ्हाडी बोली अशी काही आणली की पुण्या-मुंबईची पोरं ‘काऊन बे’ म्हणायला लागली. त्यांचं श्रेय मोठं आहे. आमच्या बोलीला टीव्हीवर खुर्ची मिळाली ती त्यांच्यासारख्यांमुळे.

पण त्या खुर्चीवर बसून बोलीनं काय सांगितलं, ते विचारायला हवं. वऱ्हाडी माणूस टीव्हीवर येतो तो बावळट नवरा म्हणून, हट्टी सासरा म्हणून, शहरात गोंधळलेला गडी म्हणून. त्याच्या तोंडचा हेल विकला जातो. त्याच्या शेतात पाणी का नाही, हा प्रश्न त्या हेलात कधी विचारला जात नाही. बोली घेतली आणि बोलणाऱ्याचं गाऱ्हाणं बाहेर ठेवलं. विदर्भाच्या वाट्याला विनोदातही कच्चा माल पुरवण्याचंच काम आलं आणि मला त्याचा राग येतो.

नागपूरला हा अपमान सोसायचं कारण नाही. या गावानं उघड्या रस्त्यावर राजकीय विनोद करायला टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभं राहून पाहा. काळी मारबत आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघतात. काळ्या मारबतीची कथा भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी जोडली जाते, इंग्रजांना मिळाल्याचा राग त्या पुतळ्यात आहे. म्हणजे सुरुवातच नाव घेऊन झाली. आणि मारबतींबरोबर निघतात बडगे. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग. गळ्यात फलक. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, पाकिस्तानचा बडग्या, त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या. चेहऱ्यावर नाक जरा जास्त लांब, पोट जरा जास्त पुढे, आणि फलकावर दोन ओळी ज्या वाचून बाल्कनीतल्या आजीपासून खांद्यावरच्या पोरापर्यंत सगळे खदखदतात. ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. ते फलक लिहिणारे लोक पेठांमधले, मंडळांतले, दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करणारे. त्यांना कुणी पटकथा लिहायला बोलावत नाही. त्यांच्या दोन ओळींत जेवढा नेम असतो, तेवढा टीव्हीवरच्या तासाभरात सापडत नाही.

मारबतीत एकच उणीव मला जाणवते. संध्याकाळपर्यंत सगळं जाळून टाकतात. ईडापीडा गेली, असं मानून घरी जातात. पुढच्या वर्षी महागाईचा बडग्या पुन्हा बांधावा लागतो. जाळण्यात मोकळं होणं आहे, पण आठवण ठेवणं नाही. मला हवा असलेला कार्यक्रम बडग्या जाळणार नाही. तो त्याला २०५३ पर्यंत जपून ठेवेल आणि तेव्हा त्याच्याकडून हिशेब मागेल.

पहिला भाग गोसीखुर्दचा. दुसरा विषयच नाही.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी केली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. अडीच लाख हेक्टर जमीन भिजणार होती. भंडारा, नागपूर, चंद्रपूर, तिन्ही जिल्ह्यांना सांगितलं गेलं की पाणी येतंय. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च पुढे १८,००० कोटींच्याही वर गेला. कालव्यांच्या कामांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हे दाखल केले. गावं उठली, नव्या गावठाणांत गेली. आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला जाऊन त्याच जलाशयात साचायला लागलं. ज्या शहरात धरणाच्या बैठका व्हायच्या, त्याच शहराची घाण धरणग्रस्तांच्या काठाला लागली. हे कुणा विनोदी लेखकानं लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, जरा जास्तच होतंय.

आता २०५३ चा तो भाग डोळ्यांपुढे आणा. पायाभरणीच्या वेळी दहा वर्षांची असलेली पोरगी पंच्याहत्तरीची झाली आहे. पुनर्वसनाच्या गावठाणात, पत्र्याच्या ओसरीत बसली आहे. मुंबईहून आलेला तरुण निवेदक अदबीनं विचारतो, ‘‘आजी, तुम्हाला पाणी मिळालं का?’’

ती त्याच्याकडे बघते. ‘‘कोनतं पानी जी? घरात शिरलं थे, का वावरात येनार होतं थे?’’

निवेदकाला उत्तर सुचत नाही. तो हातातल्या कागदांत बघतो. म्हातारी त्याला समजावते, ‘‘घरातलं आलं बाप्पा. टायमावर आलं. वावरातल्याचं मोठ्या सायबाले विचारा.’’

मग मोठे साहेब. निवृत्त अभियंता, ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. ‘‘मी नोकरीला लागलो तेव्हा सुधारित अंदाजपत्रक टाइप होत होतं,’’ ते म्हणतात. ‘‘मी निवृत्त झालो त्या दिवशीही तेच टेबलावर होतं. मधल्या काळात टाइपरायटर जाऊन संगणक आला, ही प्रगती मान्य करायला हवी.’’ आणि यानंतर कापून थेट जुनी दृश्यं. खरी. एकापाठोपाठ एक. वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या पक्षांचे मुख्यमंत्री आणि मंत्री, गोसीखुर्द कधी पूर्ण होणार ती तारीख सांगताहेत. फक्त तारखा. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, हशाचा आवाज नाही. अशी किती मिनिटं प्रेक्षक सहन करू शकतो ते बघायचं.

एक भाग अधिवेशनाचा. १९५३ च्या नागपूर करारात एक कलम असं की सरकारनं दरवर्षी ठराविक काळ नागपुरात येऊन राहावं आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथं व्हावं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली. ती गेल्याची भरपाई म्हणून १९६० पासून सरकार इथं हिवाळ्यात यायला लागलं. काही दिवसांचा मुक्काम असतो. रस्त्यांवर डांबर पडतं, रविभवनाच्या भिंती रंगतात, हुरडा पार्ट्या होतात. विदर्भाचा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यात चर्चेला येतो.

त्या भागासाठी एक तयार दृश्य संग्रहात पडून आहे. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. ६ जुलैला मुसळधार पाऊस झाला, विधान भवनाच्या आवारात पाणी तुंबलं, वीज गेली, कामकाज थांबवावं लागलं. राज्याचं सर्वोच्च सभागृह, अंधारात. २०५३ च्या निवेदकानं इथं एकही शब्द बोलू नये.

पण त्या भागाचा जीव दुसरीकडे आहे. लंडनच्या मालिकेत नामवंतांना म्हातारं केलं होतं. नागपूरच्या मालिकेत म्हातारं करायचं ते मोर्चातल्या माणसाला. यशवंत स्टेडियमवरून निघून मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यांशी अडवल्या जाणाऱ्या अंगणवाडी सेविकेला. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला. जुन्या पेन्शनसाठी आलेल्या कर्मचाऱ्याला. एकच स्त्री, तोच फलक, दर डिसेंबर. दृश्य बदलतं तसे केस पांढरे होतात, चष्मा येतो, चष्म्याची काच जाड होते. फलकावरचं अक्षर पुसट झालं म्हणून पुन्हा गिरवलेलं दिसतं. मागणी तीच. आणि टी पॉइंटवरचा म्हातारा चहावाला २०५३ मध्ये सांगतो, ‘‘मी त्या बाईले वळखो. पयल्या सालात साखर जास्त मांगे. मंग मंग बिनसाखरेचा मांगाले लागली. एक साल आलीच नाही. तिची सून आली. फलक थोच होता जी.’’

हे हसू घशात अडकलं तर कार्यक्रम बरोबर चालला आहे.

आणखी एका भागाला हवामान. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तर ५६ अंश दाखवले, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की संवेदकात बिघाड होता. तोवर नागपूरकरांनी ५६ अंशांवर विश्वास ठेवला होता, यातच सगळं आलं. २०५३ च्या नातवाला आजोबांनी समजावायचं आहे की आम्ही कूलरमध्ये पाणी टाकून झोपायचो आणि सिव्हिल लाइन्समधली झाडं रस्ता रुंद करायला तोडायचो. सप्टेंबर २०२३ मधल्या त्या पहाटेचीही फीत लावा, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या बैठकीत पाणी आलं. हा भाग लांबवायची गरज नाही. आकडेच पुरेत.

एका गोष्टीवर मात्र कार्यक्रमानं हसू नये. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बहुतेक बाया आणि लेकरं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. न्यायालयात त्यांचा प्रश्न २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जिंकला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. मला कुणी विचारेल की मग विनोदी कार्यक्रमात हे घ्यायचं कशाला. घ्यायचं. कारण हसवणाऱ्या माणसानं एका जागी हसणं थांबवलं की बाकीच्या हसण्याला वजन येतं. निवेदकानं तारीख सांगावी, आकडा सांगावा, आणि त्या दिवशी जे सत्तेत होते ते त्यानंतर काय म्हणाले ते दाखवावं. पुढच्या भागाची घोषणाही त्या दिवशी नको.

इयानुचींची एक पद्धत मात्र आपण घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. त्यांनी खऱ्या दृश्यांची मोडतोड करून, जोडून, नवा आवाज चढवून विनोद केला. २००६ मध्ये ते खपून गेलं. आज खपणार नाही. आज कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज घरबसल्या बनवता येतो, आणि नागपूरच्या कार्यक्रमातला बनावट तुकडा संध्याकाळपर्यंत गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत खरा म्हणून फिरेल. आपल्या कार्यक्रमाचा नियम कडक हवा. जुनी फीत जशीच्या तशी. एक चौकटही बदललेली नाही, खाली तारीख लिहिलेली. काल्पनिक जे आहे ते फक्त २०५३ मधलं, आणि ते काल्पनिक आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. आपल्या नेत्यांची खरी वाक्यं इतकी समृद्ध आहेत की त्यांत भर घालायची गरज पडणार नाही.

आणि जे झालं ते झालं म्हणून दाखवा. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सगळे ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुले झाले. हे बोलले आणि केलं, असं कार्यक्रमानं सांगितलं नाही तर त्याला कुठल्यातरी पक्षाचा वास येईल, आणि मग सगळा खेळ संपला. उलट मेट्रोचा भाग हा गोसीखुर्दच्या लगेच पुढे लावावा. शहरातली गाडी ठरलेल्या सुमारास धावते आणि शेतातला कालवा तीस-तीस वर्षं कोरडा राहतो, हे दोन भाग लागोपाठ पाहिले की विदर्भात पैसा कुठं लवकर पोचतो आणि कुठं पोचतच नाही, ते कुणी समजावून सांगायला नको. १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत विकासाचा हा अनुशेष जाड अहवालांत मोजून ठेवलेला आहे. १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आलं. एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. अहवाल कपाटात आहेत, लोकांनी वाचलेले नाहीत. अर्ध्या तासाचा विनोद ते वाचून दाखवू शकतो.

भीतीचं काय, असा प्रश्न येणारच. ती खोटी नाही. २०१७ मध्ये पंतप्रधानांची नक्कल करणाऱ्या श्याम रंगीलाचा तुकडा एका मोठ्या हिंदी वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमात दाखवलाच गेला नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारमधल्या स्टुडिओची तोडफोड केली. तिथं काम करणाऱ्या माणसांचा त्या गाण्याशी काही संबंध नव्हता. अशा हवेत वाहिन्यांचे मालक सासू-सुनेचे विनोद पसंत करतात आणि मी त्यांना भित्रे म्हणून मोकळा होणार नाही. त्यांच्या काचा फुटतात, त्यांच्या परवान्याचा प्रश्न येतो. पण म्हणूनच हा प्रकार उपयोगी आहे. इथं कुणाच्या दिसण्यावर, बोलण्यावर, जातीवर, घरच्या माणसांवर एकही वाक्य नाही. इथं आहे तो त्यांनीच दिलेला शब्द, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच तारखेसह. त्यावरून कुणाला तोडफोड करायची असेल, तर त्याला आधी मान्य करावं लागेल की स्वतःच्या नेत्याचा शब्द ऐकणं त्याला असह्य झालं आहे.

माणसं आपल्याकडे आहेत. वडसा-देसाईगंजकडची झाडीपट्टीची नटमंडळी धानाची कापणी झाली की गावोगाव हजारोंच्या गर्दीला पहाटेपर्यंत जागं ठेवतात. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वऱ्हाडीत तिखट लिहायची शाळा डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्स्प्रेस’नं घालून दिली. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणाऱ्या नागपूरच्या संस्था आहेत. बडग्याचे फलक लिहिणारे तर पेठेत बसलेलेच आहेत, आणि त्यांना मानधन द्या. जागाही आहे. सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचं नागपूर केंद्र आहे, लोकांच्या पैशांतून उभं राहिलेलं. त्या केंद्रानं अर्धा तास द्यावा, अशी माझी उघड मागणी आहे. दिला नाही तर यूट्यूबवर करा, पण मागणी सोडू नका, कारण वावरातल्या आजीच्या घरी अजूनही डिश अँटेना आहे आणि तिचा प्रश्न तिच्या टीव्हीवर दिसायला हवा.

सर्वांत आधी एक काम करायला हवं, त्याला पैसेही लागत नाहीत. नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातल्या पोरांनी या डिसेंबरपासून विदर्भाविषयी दिलेलं प्रत्येक आश्वासन उतरवून ठेवायला लागावं. कोण बोललं, कुठं बोललं, कोणती मुदत सांगितली, किती कोटी म्हणाले. सभागृहाचं कामकाज छापून येतं, भाषणांच्या फिती सहज मिळतात, जुनी वर्तमानपत्रं ग्रंथालयात बांधून ठेवलेली आहेत. १९५३ पासून मागचं सगळं हळूहळू भरत जा. सेवानिवृत्त वार्ताहरांच्या ट्रंकेत काय काय पडलं असेल ते मागून आणा. आज वीस वर्षांची असलेली मुलगी २०५३ मध्ये पन्नाशीच्या आतबाहेर असेल. निवेदकाच्या खुर्चीत तिलाच बसवा. तिच्या हातात यादी असू द्या, आणि पहिलं बोलावणं तिनं त्या वर्षीच्या सिंचनमंत्र्यांना धाडावं, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.